बिस्कूपिनचे लाकूड: एका पोलिश गावावरचे दावे आणि त्यामागचा पुरावा

१९३३ साली पोलंडमधल्या बिस्कूपिन या खेड्यातले शाळामास्तर वालेंती श्वायत्सेर यांना तळ्याच्या काठी पाण्यातून वर आलेली लाकडे दिसली. सुटी वाहून आलेली नव्हेत, तर जमिनीत पक्की रोवलेली, दाटीवाटीने उभी आणि तिरपी. गोंसाव्का नदीचे पात्र सुधारण्याची कामे झाल्यामुळे तळ्याची पातळी खाली गेली होती, आणि जे शेकडो वर्षे पाण्याखाली होते त्याचे शेंडे उघडे पडले होते. मास्तरांनी पाठपुरावा केला. खबर पोझ्नान विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ यूझेफ कोस्त्शेफ्स्की यांच्यापर्यंत गेली आणि १९३४ च्या उन्हाळ्यात खोदकाम सुरू झाले. वर आले ते इसवीसनापूर्वी आठव्या शतकातले, तटबंदी असलेले, जवळजवळ अखंड आराखड्याचे लाकडी गाव.

त्यानंतर या गावाला दोन प्रश्न विचारले गेले. पहिला, हे लोक कोणाचे, आमचे की तुमचे? दुसरा, हे गाव कधी बांधले, कसे बांधले आणि लोक ते सोडून का गेले? पहिल्या प्रश्नाने बिस्कूपिनला प्रसिद्धी दिली, सरकारी पैसा दिला, आणि युद्धात त्याच्या उंबऱ्यावर नाझी जर्मनीच्या एसएस या निमलष्करी संघटनेची माणसेही आणून उभी केली. त्याचे उत्तर मात्र आजही कोणाच्या हाती नाही. दुसऱ्या प्रश्नाची बरीचशी उत्तरे लाकडातच होती आणि ती मिळालीही, पण साठ वर्षे उशिरा. पुरावा एका प्रश्नाचा आणि वाद दुसऱ्याच प्रश्नाचा, असे झाले की काय होते, यासाठी हे प्रकरण मला मुळातून पाहण्यासारखे वाटते.

जागा

बिस्कूपिन पोलंडच्या मध्य-उत्तर भागात, पाऊकी नावाच्या प्रदेशात आहे. जवळचे शहर झ्निन, उत्तरेला आठ-दहा किलोमीटरवर. दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर ग्न्येझ्नो, पोलिश राज्याच्या आरंभकाळातली राजधानी. हा सगळा टापू शेवटच्या हिमयुगाने घडवलेला. बर्फाच्या जाड थराखालून वाहणाऱ्या पाण्याने लांबट घळी कोरल्या, बर्फ वितळल्यावर त्यांत तळी झाली, आणि गोंसाव्का ही लहानशी नदी ती तळी एकामागून एक ओवत उत्तरेला नोतेच नदीकडे जाते. बिस्कूपिनचे तळे त्यांतलेच एक, शंभर हेक्टरांहून थोडे मोठे. भोवती सखल, सुपीक शेतजमीन. तळ्यात शिरलेल्या एका चिंचोळ्या, ओल्या भूशिरावर ते जुने गाव वसले होते.

अशा साखळी-तळ्यांत एका ठिकाणी पाण्याला वाट करून दिली की वरच्या तळ्याची पातळी उतरते, आणि वाट तुंबली की चढते. हात-दीड हाताचा फरक काठावरच्या माणसाचे सगळे गणित बदलतो. बिस्कूपिनच्या इतिहासात हा फरक पुन्हा पुन्हा निर्णायक ठरला.

आजच्या गावाचा लिखित इतिहास थोडक्यात सांगता येतो. झ्निन आणि त्याभोवतीची गावे ग्न्येझ्नोच्या आर्चबिशपच्या मालकीची असल्याचे ११३६ च्या पोपच्या सनदेत नोंदले आहे. १२२७ साली शेजारच्या गोंसावा येथे पोलिश सरदारांची सभा भरली असता क्राकूफचा ड्यूक लेशेक याच्यावर हल्ला झाला आणि पळून जाताना तो जवळच्या मार्चिन्कोवो गावात मारला गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोलंडची वाटणी झाली तेव्हा हा भाग प्रशियाकडे गेला, आणि १९१८-१९ च्या उठावानंतर परत पोलंडला मिळाला. प्रशियाच्या काळातच, १८९४ मध्ये, शेतातले बीट साखर कारखान्यापर्यंत नेण्यासाठी रुळांमध्ये फक्त ६०० मिलिमीटर अंतर असलेली छोटी रेल्वे घातली गेली. ती अजून धावते, आता बिटांऐवजी पर्यटक घेऊन. एरवी हे चारचौघांसारखे शेतकऱ्यांचे खेडे. तळे उतरले नसते तर त्याचे नाव पाऊकीबाहेर फारसे कोणी ऐकले नसते.

मातीखालचे गाव

सापडलेली वस्ती लंबगोल होती, तटबंदी धरून सुमारे दोन हेक्टर. तटाची लांबी ४६३ मीटर. हा तट म्हणजे ओंडक्यांच्या एकाला एक लागून रचलेल्या पेट्या, आत माती आणि वाळूचा भराव. तटाच्या बाहेर पाण्याच्या कडेने तिरप्या खुंटांच्या ओळींवर ओळी ठोकलेल्या होत्या, संख्या अंदाजे पस्तीस हजार. लाटा आणि बर्फाचे तुकडे तटावर आदळून पाया उकरू नयेत म्हणून केलेला हा बांध. श्वायत्सेर मास्तरांना दिसली ती याच बांधाची टोके.

आत जायला एकच वेस, तीन मीटर रुंद. आत शिरले की तटाला आतून लागून एक गोल रस्ता, आणि त्यातून फुटलेल्या अकरा समांतर गल्ल्या. जमीन ओली, म्हणून रस्त्यावर आडवे ओंडके अंथरलेले. गल्ल्यांच्या कडेने घरांच्या तेरा ओळी, एकूण शंभराहून थोडी जास्त घरे, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एकच सामाईक भिंत. राहणारे अंदाजे आठशे ते हजार.

घराची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. साधारण आठ बाय दहा मीटरचे घर. उभे खांब जमिनीत रोवलेले, त्यांच्या अंगाला वरपासून खालपर्यंत खाच पाडलेली. आडव्या फळ्यांची टोके निमुळती तासून ती वरून त्या खाचेत सरकवायची, एकीवर एक, भिंत पुरी होईपर्यंत. यात खिळा लागत नाही. एखादी फळी कुजली तर शेजारचा खांब न हलवता ती काढून दुसरी सरकवता येते. लांब ओंडक्यांची गरज नाही, आखूड लाकूडही चालते. दार दक्षिणेला, म्हणजे थंडीच्या दिवसांत जेवढे ऊन मिळेल तेवढे आत. दारातून आधी पडवीसारखा एक भाग, मग मुख्य खोली, तिच्यात दगड अंथरून केलेली चूल. वर लव्हाळ्याचा शाकार. हे लाकूडकाम करणाऱ्यांच्या हातात लोखंड नुकतेच येऊ लागले होते, बहुतेक कामाला काशाची हत्यारे आणि हाडा-शिंगांची अवजारे होती. लाकूड ओक आणि पाइनचे. सगळ्या बांधकामाला आठ हजार घनमीटरांच्या आसपास लाकूड लागले असावे असा हिशेब केला गेला आहे.

खोदकामात बाजरीच्या जातीची धान्ये, गहू, जव, मसूर, वाटाणा, घेवड्याच्या जातीच्या शेंगा, जवस आणि खसखस सापडली. गुरे, डुकरे, शेळ्या-मेंढ्या आणि घोड्यांची हाडे मिळाली, लाकडी नांगर मिळाले, भरीव फळ्यांची चाके मिळाली, मागाला लावायची मातीची वजने मिळाली. अंबर आणि काचेचे मणीही मिळाले, म्हणजे दूरच्या मुलखांशी देवघेव होती.

घरे सगळी सारखी. मुखियाचा वाडा म्हणावा असे एकही घर नाही, देवळासारखी वेगळी इमारत नाही. यावरून इथे समतेचा समाज होता असे उत्साहाने लिहिले गेले. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. सारख्या घरांच्या वसाहती हुकूम सोडणाऱ्यांनीही बांधल्या आहेत. घरे सारखी आहेत यातून एवढेच ठरते की आराखडा आधी ठरला, जागा मोजून वाटली गेली आणि बांधकाम एका नियमाने झाले. तो नियम सगळ्यांनी मिळून केला की एखाद्याने लादला, हे लाकूड सांगत नाही.

दावा

कोस्त्शेफ्स्की यांनी ज्या माणसाच्या हाताखाली बर्लिनमध्ये डॉक्टरेट केली होती, तो गुस्टाफ कोसिन्ना. कोसिन्नाची पद्धत थोडक्यात अशी: नकाशावर एका घडणीची मडकी आणि दागिने जिथवर सापडतात तिथवर एक विशिष्ट लोकसमूह राहत होता, आणि तो समूह आजच्या अमुक राष्ट्राचा पूर्वज. या पद्धतीने कोसिन्नाने युरोपचा मोठा भाग जर्मनांच्या पूर्वजांच्या खात्यावर मांडला. कोस्त्शेफ्स्की त्या निष्कर्षांचे कडवे विरोधक झाले, पण पद्धत त्यांनी टाकली नाही. बिस्कूपिनची मडकी ‘लुसाशियन’ या मध्य युरोपातल्या प्राचीन संस्कृतीची होती, आणि लुसाशियन लोक हेच स्लावांचे, म्हणजे पोलिश आणि त्यांच्या भाषाभगिनी बोलणाऱ्या लोकांचे, मूळ पूर्वज, असे ते मांडत होते. म्हणजे बिस्कूपिन हे पोलिश लोकांचे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे गाव, तेही जर्मन सीमेपासून फार दूर नसलेल्या भागात.

१९३० च्या दशकात या विधानाचे वजन काय होते हे लक्षात घ्यावे लागते. पोलंड स्वतंत्र होऊन पंधरा-वीस वर्षे झाली होती, आणि हा प्रदेश मुळात आमचाच असे शेजारी जर्मनीत उघडपणे म्हटले जात होते. अशा वेळी जमिनीतून तटबंदीचे, रस्ते आखलेले गाव निघाले. ज्वालामुखीच्या राखेखाली टिकून राहिलेल्या रोमन शहराची आठवण देत ‘पोलंडचे पाँपेई’ म्हणून वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले, लोकांची रीघ लागली. सैन्याने मदत केली. दोरीने बांधलेल्या फुग्यावरून उत्खननाची छायाचित्रे घेतली गेली, पाणबुड्यांनी तळ्याचा तळ तपासला. त्या काळाच्या मानाने हे काम फार पुढचे होते. कोस्त्शेफ्स्की आणि त्यांचे सहकारी झ्जिस्वाफ रायेफ्स्की यांनी वनस्पती, हाडे, माती, लाकूड असे सगळ्या विषयांचे जाणकार एका खड्ड्याभोवती गोळा केले. नोंदी चोख ठेवल्या. निष्कर्षावर राजकारणाची छाया होती, पण खणण्याच्या शिस्तीवर ती पडू दिली नाही. त्यांचा दावा आज फारसे कोणी मानत नाही, तरी त्यांच्या नोंदी अजून वापरल्या जातात, यातच त्यांच्या कामाचा कस दिसतो.

१९३९ मध्ये जर्मनीने पोलंड गिळला आणि हा भाग थेट राइखला, म्हणजे जर्मन राज्याला, जोडून टाकला. कोस्त्शेफ्स्की गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या यादीवर होते, युद्धाची वर्षे त्यांनी नाव बदलून, लपत काढली. बिस्कूपिनचे नाव ‘उर्स्टेट’ झाले. हिमलरच्या एसएसची ‘आनेनएर्बे’ नावाची संशोधन संस्था तिथे आली, आणि १९४० पासून १९४२ पर्यंत हान्स श्लाइफ या वास्तुविशारद-पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली उत्खनन चालले. सिद्ध काय करायचे ते आधीच ठरले होते: हे गाव स्लावांचे नव्हते, आणि जे कोणी इथे राहत होते त्यांच्यावर पुढे जर्मानिक टोळ्यांनी सरशी केली. मडकी तीच, खांब तेच, पद्धतही मूळची एकाच गुरूची. फक्त उत्तराच्या जागी दुसरे नाव.

नंतर खोदलेला भाग बुजवला गेला. यामागे साइट संपवण्याचा हेतू होता असे पोलंडमध्ये सांगितले जाते. परिणाम मात्र असा झाला की भरावाखाली ते लाकूड उघड्या हवेपासून वाचले.

युद्धानंतर १९४६ पासून पोलिश पुरातत्त्वज्ञ परतले, आणि पहिला प्रश्नही त्यांच्यासोबत परतला. पोलंडची सीमा आता पश्चिमेला सरकली होती, नव्याने मिळालेल्या भागांवर आपला प्राचीन हक्क आहे हे सांगण्याची कम्युनिस्ट सरकारला गरज होती. शाळेच्या पुस्तकांत बिस्कूपिनचे चित्र आले, पिढ्यान् पिढ्या मुलांनी ते पाहिले. याच काळात देशभरातले विद्यार्थी प्रशिक्षण शिबिरांसाठी इथे येत आणि खणायला शिकत. पोलंडच्या युद्धोत्तर पुरातत्त्वाची एक पिढी या चिखलात घडली, हे त्या काळाचे मला सर्वांत मोठे देणे वाटते. उत्खनन १९७४ पर्यंत चालले.

आज स्थिती काय? लुसाशियन संस्कृतीचे लोक मृतांना जाळत आणि राख मडक्यात भरून पुरत. त्यांना लिपी नव्हती. म्हणजे त्यांची भाषा कळायला मजकूर नाही, आणि वंश शोधायला लागणारा हाडांमधला डीएनए बहुतेक आगीत गेला. मडक्याच्या नक्षीवरून माणूस घरात कोणती भाषा बोलत होता हे काढता येत नाही, हे आता दोन्ही देशांतले पुरातत्त्वज्ञ मान्य करतात. पन्नास वर्षे दोन राष्ट्रे ज्या प्रश्नावरून झटली, त्याचे उत्तर देऊ शकेल असा पुरावा त्या खड्ड्यात नव्हताच.

एक हिवाळा

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मडक्यांवरून हे गाव इसवीसनपूर्व साधारण ५५० ते ४०० या काळातले धरले जात होते. जुन्या पुस्तकांत हेच आकडे आहेत. लाकडात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणारी रेडिओकार्बन पद्धत आली, तरी इथे तिचा फार उपयोग नव्हता. इसवीसनपूर्व ८०० ते ४०० या काळात वातावरणातल्या या कार्बनचे प्रमाण असे बदलत गेले की चारशे वर्षांतले जवळजवळ कोणतेही लाकूड सारखेच वय दाखवते. नेमका याच काळपट्ट्यात बिस्कूपिनचा जन्म.

उत्तर दिले ते झाडाच्या वलयांनी. ओक दरवर्षी एक वलय वाढवतो, पाऊस-थंडीप्रमाणे कधी जाड, कधी बारीक. एका प्रदेशातल्या सगळ्या ओकांमध्ये जाड-बारीक वलयांचा क्रम सारखा असतो. आजच्या झाडापासून मागे मागे, जुन्या घरांच्या तुळया आणि दलदलीतले ओंडके जोडत हा क्रम हजारो वर्षे मागे नेता येतो. पोलंडच्या ओकांचा असा लांब क्रम तयार झाल्यावर १९९० च्या दशकात तोमाश वाझ्नी यांनी बिस्कूपिनचे तुकडे त्याच्याशी ताडून पाहिले. सालीला लागून असलेले शेवटचे वलय ज्या तुकड्यावर शाबूत होते, त्यावरून झाड कोणत्या वर्षी, कोणत्या ऋतूत तोडले तेही कळले.

निष्कर्ष: ओकची झाडे इसवीसनपूर्व ७४७ ते ७२२ या काळात तोडलेली, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक एकाच हिवाळ्यात, ७३८-७३७ च्या.

या एका ओळीने दोन गोष्टी बदलल्या. गाव शे-दोनशे वर्षांनी मागे गेले. आणि त्याहून महत्त्वाचे, ते हळूहळू वाढलेले नाही, ठरवून उभे केलेले आहे हे निर्विवाद झाले. हिवाळ्यात झाडात रस कमी असतो, पाने नसतात, जमीन गोठलेली असते आणि ओंडके बर्फावरून ओढता येतात. आधीची काही वर्षे थोडी तोड, मग एका हिवाळ्यात प्रचंड तोड, नंतर डागडुजीपुरती. शेकडो माणसे, बैल, कुऱ्हाडी आणि तेवढ्या सगळ्यांना पुरेल इतके साठवलेले धान्य असल्याशिवाय हे होत नाही. त्या माणसांबद्दल याहून ठोस काही आजवर कळलेले नाही, आणि त्यांच्या वंशाच्या कुठल्याही दाव्यापेक्षा मला हे मोलाचे वाटते.

ओस का पडले

एकेकाळी सिथियन स्वारांकडे, म्हणजे पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशातल्या भटक्या घोडेस्वारांकडे, बोट दाखवले जाई. पोलंडमधल्या व्हित्सिनासारख्या काही लुसाशियन किल्ल्यांवर सिथियन धर्तीचे बाण सापडले आहेत, तिथे हल्ला झाला हे खरे. बिस्कूपिनमध्ये मात्र कत्तलीच्या खुणा नाहीत.

अधिक पटणारे कारण गावाच्या पायाखाली आहे. मुळातच सखल जागा, त्यात हवामान थंड आणि ओले होत गेले, तळे चढू लागले. पहिल्या गावावर त्याच आराखड्याने दुसरे गाव बांधले गेले, पण ते बांधकाम निकृष्ट होते आणि लाकूड हलके. इथेच दुसरे कारण दिसते. पहिल्या बांधकामाने जवळचे चांगले ओक संपवले होते. त्यानंतर हजार माणसांच्या चुली रोज पेटायच्या, गुरांना कुरण हवे होते, शेताला जमीन हवी होती, त्यामुळे जंगल मागे हटत गेले. तट आणि रस्ते सतत दुरुस्त करावे लागतील अशा जागी गाव बसवले, आणि दुरुस्तीला लागणारे लाकूडच दूर गेले. शत्रूच्या भीतीने निवडलेली जागा अशी काही पिढ्यांत न परवडणारी झाली. लोक निघून गेले. पाणी आणि पीट, म्हणजे दलदलीत साचणारा अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, यांनी उरलेले झाकून टाकले. बऱ्याच शतकांनी, मध्ययुगाच्या आरंभी, याच भूशिरावर एक छोटी गढी उभी राहिली. खाली पूर्वी एक गाव होते हे तिथल्या लोकांना बहुधा ठाऊकही नसावे.

आता जमिनीखाली काय चालले आहे

१९९४ मध्ये बिस्कूपिनला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. पर्यटक पाहतात ती वेस, तट आणि घरांच्या ओळी ही पुनर्रचना आहे. १९९५ पासून दर सप्टेंबरात पुरातत्त्वाचा उत्सव भरतो, तिथे जुन्या पद्धतीने भांडी भाजणे, धातू ओतणे, माग चालवणे प्रत्यक्ष करून दाखवले जाते. मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा आहे.

खरे लाकूड मात्र मातीखाली आहे, आणि तिथे राहिले तरच टिकेल. पाण्यात बुडालेल्या लाकडाला प्राणवायू मिळत नाही, म्हणून बुरशी वाढत नाही. अडीच हजार वर्षांत त्याच्या आतला आधार देणारा भाग बराचसा विरघळून गेलेला असतो आणि त्या जागी पाणी भरलेले असते. बाहेर काढून वाळू दिले तर ते आक्रसते, तडकते, चुरा होतो. १९३० च्या दशकात उघडे पडलेले बरेच लाकूड असेच खराब झाले. म्हणून खोदलेले भाग पुन्हा वाळूखाली आणि पाण्याखाली ठेवले आहेत, आणि जमिनीतल्या पाण्याची पातळी, त्यातला प्राणवायू, त्याची रासायनिक घडण यांची नियमित तपासणी होते. तटाच्या बाहेरच्या खुंटांचे वरचे टोक हा सर्वांत नाजूक भाग, कारण तळ्याचे पाणी उन्हाळ्यात उतरले की तेच प्रथम उघडे पडते.

इथे संग्रहालयाच्या हातात एका मर्यादेपर्यंतच गोष्टी आहेत. तळ्याची पातळी गोंसाव्कावरचे बंधारे, भोवतालच्या शेतांचा उपसा आणि पाऊस ठरवतात. कोरडी वर्षे वाढली तर शेतकऱ्याला आणि पुरातत्त्वज्ञाला एकाच पाण्याची गरज पडेल, आणि दोघांचीही गरज खरी असेल. बंधाऱ्याची फळी किती उंच ठेवायची हा निर्णय म्हणूनच आज बिस्कूपिनमधला सर्वांत महत्त्वाचा पुरातत्त्वीय निर्णय आहे, आणि तो पुरातत्त्वज्ञांच्या, पाटबंधारे खात्याच्या आणि काठावरच्या शेतकऱ्यांच्या एकत्र बैठकीतच व्हायला हवा.